आठ ते अडीच

शालूताई, उद्या तुझी तेरवी. मंडप पडला, आचाऱ्याला सांगून झालं, आणि आज दुपारपर्यंत तुझ्या अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या बायकांच्या तोंडी तोच एक प्रश्न होता. रात्रपाळी सकाळी आठला सुटली. दवाखान्यातून घरी यायला वीस मिनिटं लागतात. आणि तुझी गाडी पुलाखाली गेली दुपारी अडीचला. मग आठ ते अडीच बाई होती कुठं?

तोंडावर कोणी विचारत नव्हतं, माणसं फार सभ्य झाली आहेत. "बिचारी" म्हणून सुरुवात व्हायची, मग मान पुढे यायची, आवाज खाली जायचा. मी जवळून गेले की त्यांना तांदळातले खडे अचानक फार दिसायला लागायचे.

खरं सांगू का? पहिल्या दिवशी हा प्रश्न माझ्याही मनात आला. तेरा वर्षं आपण एका वॉर्डात काढली, एका डब्यात जेवलो, तरी पाल चुकचुकलीच. हल्ली तू मोबाईलवर कोणाशी बोलायचीस, परवा एकटीच हसत काऊन होतीस, असलं काहीबाही आठवायला लागलं. माझा स्वभावच मेला तसा. "कुंदे, तुले तं देवानं परसाद देल्ला तरी तू पयले वास घेशील," तू म्हणायचीस. घेते. आजवर त्या वासानं मला दोनदा वाचवलंय. पण तुझ्यावर घेतला त्याची लाज वाटते, म्हणून आधी तेवढं कबूल करून टाकते.

आपलं शेवटचं भांडणही झोपेवरूनच झालं होतं. पावसाळ्यात दोघी सिस्टर सोडून गेल्या, सहाच्या आपण चौघी उरलो, आणि महामार्गावरच्या आपल्या त्या तीस खाटा चौघींनीच ओढायच्या असं ठरलं. कोणी ठरवलं, ते काही कळलं नाही. मोठ्या सिस्टरना विचारलं तर त्यांच्याकडे म्हण तयार होती. "भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. थकलेल्याला झोप कुठंही लागते गं." लागते ना! चादरींच्या कपाटाला टेकून तू उभ्या उभ्या झोपायचीस. "दोनच मिनिटं" म्हणायचीस आणि मी घड्याळ धरून पहाऱ्याला उभी. उठलीस की डोळ्यांखाली बाम चोळायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, की झाली बाई ताजी. पेशंटला वाटायचं सिस्टर रडली.

घरी तरी झोपावं, तर दिवसा झोपायची चोरी. बाजूला धानाची गिरणी, ती सकाळी नऊला सुरू. त्यात तुझी सासू दारात. "दिवसा निजते त्या घरात लक्ष्मी थांबत नाई, अन् दिवेलागनीले निजते तिचं तं बोलूच नोका." तू ओढणी ओली करून डोळ्यांवर घ्यायचीस आणि दोन तासांत उठून भाजी चिरायला बसायचीस. घरच्यांना वाटायचं तू झोपाळू आहेस. दवाखान्याला वाटायचं तुला झोप लागतच नाही. मला दोन्ही माहीत होतं आणि मी कोणालाच काही सांगितलं नाही.

त्यात तो तीन नंबरच्या खाटेचा प्रकार झाला. माझा सलग सतरावा दिवस होता. तीन नंबरच्या म्हातारीचं इन्सुलिन सिरिंजमध्ये भरलं आणि चार नंबरच्या पोरीचा दंड पुसायला घेतला. डोळे उघडे होते माझे, पण मी तिथं नव्हते. तू मागून मनगट धरलंस. सिरिंज काढून घेतलीस, म्हातारीला तू दिलंस, पोरीला म्हणालीस, "तुले आज सुई नाई, मजा हाय तुई," आणि मला खिडकीपाशी नेऊन उभं केलंस. मला आधी काय वाटलं सांगू? उपकार बिपकार काही नाही वाटले. वाटलं, आता ही मोठ्या सिस्टरना सांगणार.

"नाई सांगत," तू न विचारताच म्हणालीस. "पन तू झोप घे वो माय. नाई तं एक दिवस कोनाले तरी मारशील."

"झोप काय दुकानात भेटते? अन् तू मोठी झोपून रायली का?"

"मी झोपली नाई तं मी मरीन. तू दुसऱ्याले मारशील. फरक हाय."

ते वाक्य मला फार लागलं. तीन आठवडे मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. डबा वेगळा खाल्ला. तू मोठ्या सिस्टरच्या खोलीतून बाहेर आलीस की मी तुझं तोंड वाचायचे. एकदा तू तिथून आलीस आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवलीस. मला वाटलं, झालं, सांगितलं हिनं.

मग तो मंगळवार. माझी सकाळची पाळी होती, आठ ते दोन. साडेसहाला तुझा फोन. तुझी रात्रपाळी संपत आलेली, आवाज घोगरा.

"कुंदे, आज तुई सुट्टी झाली. मोठ्या सिस्टरनं चार्ट बदलला. फोन बंद कर अन् झोप."

मी काय म्हणाले आठवतं? "सुट्टी? अन् त्या देतील? का मला काढायचा घाट घालून रायल्या तुम्ही दोघी?"

तू हसलीस. "झोप वो," म्हणालीस. मी फोन ठेवून दिला. 'बरं' एवढंही म्हटलं नाही. तेरा वर्षांचं आपलं बोलणं त्या एका टोमण्यावर संपलं.

आणि मी झोपले, ताई. संशय घेत घेत झोपले, पण काय झोपले! सडक अर्जुनीतली माझी भाड्याची खोली तुला माहीत आहे, खिडकीखालून ट्रक जातात. एक ट्रक ऐकू आला नाही. उठले तेव्हा बाहेर दिवे लागत होते. कित्येक महिन्यांनी जिभेला चव आली होती. चहा ठेवला, बसून निवांत प्यायले, आणि मग फोन सुरू केला. एकोणीस मिस्ड कॉल होते.

पुलाजवळच्या धाब्यावाल्यानं तुला वर काढलं. तो मला नंतर म्हणाला, "मॅडम, ब्रेक लगाया ही नहीं. रोड मुडा, गाडी सीधी गयी. मैं चिल्लाया भी." पलीकडच्या शेतात धान कापणाऱ्या बायांनीही तेच सांगितलं, गाडी वळलीच नाही. मी नर्स आहे, मला तिथंच कळायला हवं होतं. पण लोकांनी तेवढ्यात तुझ्या मोबाईलचा विषय काढला, कोणी आणखी काही काढलं, आणि मी ऐकत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला घरी आणलं. सवाष्ण म्हणून हळद लावायची, हिरवी साडी नेसवायची. बायकांनी मला पुढे केलं, तू नर्स आहेस, तुझा हात भिणार नाही म्हणून. तुझा डावा हात उघडला तर तळव्यावर निळ्या पेनचे आकडे. आपली जुनी खोड. खाटेपाशी कागद सापडत नाही म्हणून बीपी, ताप, शुगर सगळं तळहातावर लिहायचं आणि मग केसपेपरवर उतरवायचं. मला वाटलं, रात्रपाळीचे आकडे असतील. सगळ्यात खाली, इतरांपेक्षा गडद, लिहिलं होतं : ९ – ३१२.

"काय वो हे गिचमिड हातावर, पूस ना," तुझी चुलतसासू म्हणाली. मी ओल्या फडक्यानं पुसलं. जात नव्हतं, म्हणून हळद घेऊन घासलं. चांगलं स्वच्छ केलं. सोमवारी दुपारी मी कामावरून निघाले तेव्हा नऊ नंबरची खाट रिकामी होती, हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी डोक्यात काही शिरलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तुझी रुची माझ्याजवळ आली. बारावीतली पोर, दोन दिवस वेणी घातली नव्हती.

"मावशी, आई आठपासून कुठं होती?"

"माहीत नाही बेटा," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. पण माझा आवाज त्या अंगणातल्या बायकांसारखा निघाला, ते मलाही ऐकू आलं आणि तिलाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. भाऊजी ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. माणूस रडतो आहे की चिडला आहे, हे नुसत्या पाठीवरून कळत नाही. पण त्या दिवसापासून ते तुझ्या फोटोसमोर बसेनासे झाले, एवढं मी पाहिलं.

पाचव्या दिवशी कामावर गेले. मी आत शिरले आणि वॉर्ड गप्प. कौशल्यामावशी, आपली आया, जी बोलल्याशिवाय पोछासुद्धा मारत नाही, ती बादली उचलून मागे निघून गेली. मोठ्या सिस्टरनी मला वॉर्डात न ठेवता ओपीडीत बसवलं. "तुला त्रास होईल तिथं." मी म्हटलं, मला मंगळवारचं रिपोर्ट बुक दाखवा, माझ्या जागी कोण होतं ते पाहू द्या. तर म्हणे, ते आत कपाटात आहे, किल्ली सापडत नाही. तेरा वर्षांत त्या बाईची किल्ली कधी हरवली नाही. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ह्यांनी तुझं काहीतरी लपवलंय. ह्यांच्या हातून काहीतरी झालंय आणि तू गेलीस म्हणून सगळं तुझ्या माथी बसणार. सहा दिवस मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत फिरले. त्याही माझ्याकडे तशाच पाहायच्या, आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता.

परवा दुपारी वॉर्डातली सिस्टर लेबर रूममध्ये अडकली, म्हणून ड्रेसिंगला मला बोलावलं. नऊ नंबरवर देवरीकडचा एक म्हातारा, पायाची जखम चिघळलेली. मी पट्टी सोडायला लागले तर मला निरखून म्हणतो, "ते चष्मेवाली बाई कोठी गेली वो? तिनंच मले भरती केलं. बोलता बोलता डोये मिटत होते तिचे. मी म्हनलं, बाई, तूच निज माह्या खाटेवर, मी बसतो खाली."

"मग काय म्हणाली?"

"हासली. म्हने, आज माही बहीन घरी झोपली हाय आजोबा. ते उठली का मंग मी."

मी केसपेपर ओढला. भरती मंगळवार, सकाळी सव्वादहा. शुगर तीनशे बारा. तुझं अक्षर. जो आकडा मी तुझ्या तळव्यावरून घासून काढला होता, तो तिथं तुझ्याच हातानं लिहिलेला होता. म्हाताऱ्याची पट्टी अर्धवट सोडलेली, आणि मी स्टुलावर बसून राहिले. तो बिचारा मलाच विचारतो, "बाई, चक्कर आली का?"

कौशल्यामावशीला धुण्याच्या मोरीपाशी गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

तिनं चादर आपटली. "अन् तुले नाई माहीत? तूच तं तिले उभी केली ना तुह्या जागी! रातभर जागलेल्या बाईले! आमी तुह्या नोकरीपायी तोंड शिवून बसलो, अन् तू आमालेच इचारून रायली!"

बघ. मी त्यांना चोर समजत होते आणि त्या मला. सगळ्या मिळून मला वाचवत होत्या, आणि त्यासाठी तुला मधल्या मध्ये रस्त्यावर सोडून दिलं होतं.

मला सगळं कळलंय म्हटल्यावर काल मोठ्या सिस्टरनी किल्ली काढली. बुक माझ्यासमोर ठेवलं. मंगळवार, सकाळची पाळी, सगळा रिपोर्ट तुझ्या अक्षरात, आणि खाली सही माझी. उशीर झाला, बस चुकली, की आपण एकमेकींच्या सह्या ठोकायचो, तीच सवय. पाच-दहा मिनिटांसाठी शिकलेली खोटी सही तू सहा तासांसाठी वापरलीस. माझ्या नावातला 'दा' तू नेहमी लांब ओढतेस, तसाच ओढलेला. वर लिहिलंय : 'खाट दोन, रात्रभर झोप नव्हती, आता झोपली आहे, उठवू नये.' तू प्रत्येक पेशंटची झोप लिहायचीस. डॉक्टर हसायचे त्याला.

"दोनदा आली होती माझ्याकडे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तुला चार दिवस सुट्टी द्या म्हणून. मी दोनदा नाही म्हटलं. मंगळवारी मी मीटिंगला गोंदियाला होते, तिनं तोच दिवस धरला. आता हे बाहेर आलं तर तुझी नोकरी जाईल, आणि तिचं नाव खोट्या सहीत अडकेल. गप्प राहा कुंदा. तुझ्या भल्यासाठी सांगते." बोलताना रडत होत्या. खरंच रडत असतील. पण मी वास घेतलाच. चौघींच्या अंगावर तीस खाटा कोणी टाकल्या होत्या, हेही त्याच कपाटात बंद राहणार होतं. माझ्या भल्यात त्यांचंही बरंच भलं होतं.

म्हणजे तू त्या खोलीतून येऊन मान हलवलीस ती सुट्टी मिळाली नाही म्हणून. आणि मी तीन आठवडे डबा वेगळा खाल्ला.

तुझ्यावर माझा राग आहे, तोही ऐकून घे. कोणी सांगितलं होतं गं तुला? मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं का? म्हणूनच विचारलं नाहीस. लबाड! रात्रभर जागायचं, वर माझी पाळी ओढायची, आणि त्या डोळ्यांनी गाडी काढायची. मावशीला म्हणाली असतीस तर तिनं तुला तिथंच चटई टाकून दिली असती. "मी झोपली नाई तं मी मरीन" हे तू भांडणाच्या भरात बोललीस की तेव्हाच मनात काही ठरवलं होतंस? हा संशय आता जन्मभर माझ्याजवळ राहणार, आणि तो फेडायला तू नाहीस. पण भांडण जिंकलीस असं समजू नकोस. तू म्हणालीस फरक आहे. काही फरक नाही. मी न झोपता कोणाला मारलं असतं, आणि तू न झोपता रुचीच्या आईला मारलंस. हे तुला तोंडावर सांगायचं होतं मला. आणि त्यानंतर डबा उघडून तुझ्या पुढ्यात ठेवायचा होता.

आज सकाळी दोन कागद लिहिले. 'मंगळवारी सकाळी आठ ते दोन वॉर्डात शालू ड्युटीवर होती. मी घरी झोपले होते. रिपोर्टवरची सही माझी नाही. सलग सतरा दिवसांनंतर माझ्या हातून चुकीचं इंजेक्शन जाणार होतं, ते तिनं थांबवलं. मला झोप मिळावी म्हणून तिनं हे केलं.' एक मोठ्या सिस्टरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी हात लावला नाही. मी त्यावर पेपरवेट ठेवून निघाले. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

दुसरा भाऊजींना दिला. उभ्यानं वाचला, मग ओट्यावर बसून पुन्हा वाचला. एवढंच विचारलं, "दोनला सुटली?"

"दोनला. मग दुपारच्या सिस्टरला सगळं समजावून दिलं आणि निघाली. सरळ घरीच येत होती."

त्यांनी कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि अंगणात गेले. बायकांचे हात तांदळात थांबले. "आठपासून दवाखान्यात होती ते," भाऊजी मोठ्यानं म्हणाले, कोणा एकीला नाही, सगळ्या अंगणाला. "काम करून रायली होती." मग आत येऊन तुझ्या फोटोसमोर बसले, आणि पहिल्यांदा आवाज करून रडले.

रुची मागच्या दारात होती. तिला मी सगळं सांगितलं, इन्सुलिनसकट. ती ऐकत राहिली. मी वाट पाहत होते, ती म्हणेल, तुझ्यामुळे माझी आई गेली. म्हणावं, असंच मला वाटत होतं.

ती म्हणाली, "मावशी, मग तुले झोप लागली होती का चांगली, त्या दिवशी?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मी कशी पाहते तुला माहीत आहे. टोमणा शोधला, राग शोधला. काहीच नव्हतं. आई ज्याच्यासाठी थांबली ते झालं की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"लागली," मी म्हणाले. "खूप चांगली लागली होती."

तिनं मान हलवली आणि आत गेली. अकरा दिवसांत पोरीनं पाठ टेकली नव्हती. आता तुझ्या खाटेवर झोपली आहे, तुझीच ओढणी ओली करून डोळ्यांवर घेऊन. मी दार लोटून उंबऱ्याशी हे लिहीत बसले आहे. गिरणी नुकतीच बंद झाली. आत्ताच तुझी सासू दिवा घेऊन आली, म्हणाली, दिवेलागनी झाली, उठव तिले.

मी दारातून हलले नाही. "झोपली आहे," म्हटलं. "उठवू नका."